उणे अठरा

विश्वनाथरावांना धम्मानंदबद्दल खरं तर फार थोडं माहीत होतं. तो उत्तर नागपुरात कुठंतरी राहायचा आणि बिनसाखरेचा चहा प्यायचा, एवढंच. आडनावसुद्धा त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तो वारल्याचं कळलं, तेव्हा त्याच्या घरच्यांना भेटायला जायचं तरी कुठं, हे त्यांना समजेना.

ओळख लकडगंजच्या गॅरेजातली. पत्नीला, अरुंधतीबाईंना, उपचारांसाठी धंतोलीला न्यावं लागे आणि गाडी सिग्नलवर गचके देऊन बंद पडे. धम्मानंद कार्बोरेटरच्या काळातला मिस्त्री. नव्या गाड्या आल्या तसे त्याच्या जोडीचे मिस्त्री घरी बसले. हा मात्र उतारवयात लॅपटॉप शिकला. स्टिअरिंगखाली वायर जोडायची, इंजिन चालू करायचं आणि त्याच्या पोटात काय चाललंय ते पडद्यावर बघायचं, हेच आता त्याचं काम होतं.

पहिल्याच खेपेला त्यानं लॅपटॉप विश्वनाथरावांच्या मांडीवर दिला. "तुम्ही आकडे वाचा काका, मी इंजिनापाशी उभा राहतो." सरकारी कचेरीत मान खाली घालून नोकरी केलेल्या विश्वनाथरावांना तो मोठा मान वाटला.

पुढच्या खेपेला मात्र त्यांनी त्याला एकट्यानं पडद्यावर वाकलेलं पाहिलं. नाक काचेला टेकायचंच बाकी होतं. तो डोळे पुशी, पुन्हा वाके. विश्वनाथराव मागं उभे आहेत हे लक्षात आल्यावर तो हळूच म्हणाला, "शुगरनं डोळे खाल्ले, काका. शेठले नका सांगू. लॅपटॉप गेला का मले गाड्या धुवाले लावतीन." विश्वनाथरावांनी मान हलवली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

इंजिनाला पेट्रोल वाढवून लागतंय की कमी करून, हे सांगणारा एक आकडा असतो. त्यांनी तो वाचला, "अठरा." आकड्याच्या आधी एक बारीक आडवी रेघ होती. कचेरीच्या टिपणात प्रत्येक मुद्द्याआधी अशी रेघ मारायची त्यांची जन्माची सवय, त्यामुळं ती वाचायची असते हे त्यांच्या मनातही आलं नाही. धम्मानंद विचारात पडला. धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येऊन राहिला म्हणाला, पण आकडा तर आणखी पेट्रोल मागून राहिला. कुठून तरी हवा घुसत असावी असं ठरवून त्यानं रबरी पाइप बदलला.

भर उन्हात अरुंधतीबाईंना घेऊन जाताना गाडी चौकातच बंद पडली. गाडी ओढून गॅरेजात आणल्यावर मालक बाबाराव स्वतः लॅपटॉप घेऊन बसले.

"उणे अठरा आहे हे. पेट्रोल जास्त जाऊन राहिलं आन् तू पाइप बदलला? आंधळा झाला का गा?"

रागाच्या भरात कोणीही म्हणतं तसं ते म्हणाले होते. धम्मानंद खाली बघत राहिला. चार माणसांत तोंड न उघडणाऱ्या विश्वनाथरावांना ते पाहवेना.

"त्यांची चूक नाही," ते म्हणाले. "आकडा मी वाचला होता."

बाबारावांनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग धम्मानंदकडं. "तुम्ही? काहून?"

आपण काय बोलून बसलो, हे विश्वनाथरावांना तेव्हा उमगलं. बाबारावांनी स्पार्क प्लगचं खोकं धम्मानंदच्या हातात दिलं आणि वरचं नाव वाचायला सांगितलं. धम्मानंदनं ते उलटंपालटं केलं आणि टेबलावर ठेवून दिलं.

बाबारावांनी त्याला काढलं नाही. तेवढं मन त्यांचं होतं.

महिनाभरानं विश्वनाथराव सर्व्हिसिंगला दिलेली गाडी न्यायला गेले, तेव्हा धम्मानंद पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्याची नळी धरून उभा होता. काय बोलायचं ते विश्वनाथरावांनी वाटेत मनात जुळवलं होतं. धम्मानंदनं हात पुसून किल्ली पुढं केली.

"पायदान ओलं आहे काका. घरी गेल्यावर उन्हात टाकजा."

"टाकतो," विश्वनाथराव म्हणाले.