आखाजीची बरणी

हे बायकोलाही सांगितलं नाही. दोनदा ओठावर आलं आणि गिळलं. तुम्ही बसलाच आहात तर सांगतो — पण आधी भट्टीचं सांगू द्या. एकदम मुद्द्यावर यायची हिंमत अजून नाही.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. अमळनेरला एका लहानशा कारखान्यात मी भट्टी सांभाळायचो. लोणच्याच्या बरण्या, चकचकीत तपकिरी. ती चकाकी शेंदराची. शेंदूर म्हणजे शिसं, आणि शिसं विष. भट्टी हजार अंशांपर्यंत नीट तापली तर ते बऱ्यापैकी बांधलं जातं. कमी तापली तर आंबटात सुटतं. हे मला शिकवलेलं होतं. कारखान्यात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

ताप कळावा म्हणून बरण्यांसोबत मातीचे छोटे शंकू ठेवायचे. दार विटांनी लिंपायचं आणि भोकातून बघत राहायचं. शंकू वाकला की आग थांबवायची. आणि मी तोऱ्यात म्हणायचो, मला शंकू लागत नाहीत, मी रंगावरून सांगतो. का म्हणायचो? लोक कौतुकाने ऐकायचे म्हणून. दुसरं काय.

त्या चैत्रात दार लिंपून, आग पेटवून झाली आणि लक्षात आलं — शंकू ठेवलेच नाहीत. भट्टी उघडली असती तर सगळ्यांसमोर शोभा झाली असती. नाही उघडली. रंगावर विसंबलो. त्या दिवशी अवकाळी आभाळ भरून आलेलं, भर दुपारी अंधारलेलं. अंधारात भट्टी असते त्याहून तापलेली दिसते — हेही शिकवलेलं होतं. मी आग लवकर थांबवली.

बरण्या देखण्या निघाल्या. तरी मन खात होतं. एकीत लिंबू पिळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आतली चकाकी गेलेली, बोटाला खरखर लागली. म्हणजे मला कळलं होतं. हे नीट ऐका — कळलं होतं. ती एक बरणी फोडून टाकली आणि बाकीच्या बाजारात जाऊ दिल्या. मालकांना मागच्या भट्टीतला वाकलेला शंकू दाखवला.

आमच्याकडे बरण्यांना चकाकीचा लेप द्यायला सिंधूअक्का होती. तिच्या वत्सलाचं लग्न साक्रीकडे ठरलं होतं. लेकीसोबत लोणचं द्यायला तिने त्याच भट्टीतली बरणी निवडली, माझ्यासमोर. दुसरी घे — एवढे दोन शब्द. ते मी बोललो नाही.

"तुमना हातनी बरनी शे भाऊ, मंग काय काळजी?" ती म्हणाली. मी हसलो.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वत्सला माहेरी यायची, बरणी घेऊन. अक्का ती भरून द्यायची. पहिल्या वर्षी पोरीच्या पोटात कळा यायच्या. पुढे दोनदा गर्भ पडला. तिसऱ्या आखाजीला आली ती पांढरीफटक, हिरड्यांवर निळसर रेघ. शिशाची ती रेघ मी ओळखली. सासरच्यांनी बाहेरचं काही आहे म्हणून भगत केला, आणि मग तिला माहेरी आणून सोडलं. बरणीसकट.

अक्काने मला घरी बोलावलं. चहा केला. वत्सला भिंतीला टेकलेली. तिच्या हातात कप ठरत नव्हता.

"मन्ही पोरले हाई कोनी करं व्हई, भाऊ?" अक्काने हळूच विचारलं.

मला काय ठाऊक, मी म्हणालो.

बरणी माझ्या खांद्याशी फळीवर होती. नव्या कैऱ्यांनी भरलेली. पोरीच्या तोंडाला चव नाही म्हणून अक्का तिला रोज त्यातलीच फोड देत होती. खरं बोलायचं धाडस नव्हतं — पण उठताना कोपर लागलं असतं तर? बरणी फुटली असती, संपलं असतं. सुचलं नाही असं नाही. पण तुकडे अक्काने उचलले असते. तिचा हात जाणता. आतली खरखर तिला लगेच कळली असती, आणि भट्टी कच्ची राहिली होती हेही. मी कोपर आवरलं, चहा संपवला आणि निघालो.

पुढच्या आखाजीच्या आत वत्सला गेली.

तेराव्याला जेवायला बसलो. अक्काने स्वतः वाढलं. लेकीसाठी घातलेलं लोणचं होतं, त्याच बरणीतलं. मी माझी फोड पानाच्या कडेला सारली. बाकीच्यांनी खाल्लं.