दाब बघू ब्रेक

"ओ पावणं! ब्रेकलाईट लागत न्हाय तुमच्या गाडीची!"

ताराराणी चौकातल्या सिग्नलला एक मोटारसायकलवाला माझ्या काचेशी येऊन ओरडला. आत बाई बसलेली बघून तो जरा ओशाळला. "ताई, मागनं कोणतर ठोकंल की," असं पुटपुटला आणि सिग्नल सुटताच निघून गेला. मी आरशात बघितलं. मागच्या सीटवर डाव्या बाजूला आई बसली होती. पदराचं टोक तिनं मुठीत आवळलं होतं आणि पूर्ण मान वळवून ती आमच्या मागं उभ्या असलेल्या एस.टी.कडं टक लावून बघत होती.

"सकाळी लागत हुती की," ती म्हणाली. "मी सवता बघितलीया."

ते खरंच होतं. तिनं बघितल्याशिवाय गाडी अंगणातून हलतच नव्हती.

माझे वडील पोस्टात होते. मी कॉलेजात शिकत असताना, ऐन उसाच्या हंगामात, ते हातकणंगल्याहून स्कूटरवरून घरी येत होते. दिवस नुकताच मावळला होता. उसानं भरलेली एक ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. तिला मागं दिवा नव्हता. लाल चिंधीसुद्धा बांधलेली नव्हती. वडिलांना ती दिसलीच नाही. त्या वेळेपासून आईला एक सवय लागली. रस्त्यावर आमच्या पुढं ट्रक असो, रिक्षा असो, ती आधी त्याचं मागचं अंग बघायची. दिवा असला तर गप्प बसायची. नसला तर चालत्या रिक्षातून पुढच्या गाडीवाल्याला हाका मारायची.

पुढं मला हातकणंगल्याच्याच ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली. रस्ता तोच. काही वर्षं मी एस.टी.नं गेले. दोन हजार साल उलटल्यावर एक जुनी, छोटी, पांढरी गाडी घेतली. आईनं आधी विरोध केला, मग अबोला धरला आणि शेवटी एका अटीवर कबूल झाली. रोज निघायच्या आधी ती मागं उभी राहून दिवे बघणार.

मी स्टिअरिंगवर बसायची. ती गाडीच्या मागं, जास्वंदीच्या कुंडीजवळ उभी राहायची.

"दाब बघू ब्रेक."

मी दाबायची.

"लागली. डावीबी लागली, उजवीबी लागली. सोड. परत दाब."

दिवे रोज लागायचे. आणि तरीही लोक रस्त्यात थांबवून सांगायचे की लागत नाहीत. रविवारी आईला विहारात सोडायला निघालो, की कोणीतरी सांगायचं. तिच्या ब्लडप्रेशरसाठी डॉक्टरकडं निघालो, तरी तेच. आम्ही घाबरून गाडी कडेला घ्यायचो, आई उतरून मागं जायची, मी ब्रेक दाबायची आणि दिवे लखलखीत लागायचे. "त्याला दिसलं नसंल," आई म्हणायची, पण गाडीत बसायच्या आधी परत एकदा मागं जाऊन यायची.

उद्यमनगरातल्या इलेक्ट्रिशियननं बल्ब बदलले, फ्यूज बदलला, पेडलजवळचं स्विच बदललं. प्रत्येक वेळी तो मला मागं नेऊन दाखवायचा, "मॅडम, लागतंय की. तुमीच बघा." दिसत तर होतं. चांगल्या चालणाऱ्या गोष्टीत तो काय दुरुस्त करणार? शेवटी शेवटी मला त्याच्याकडं जायचीच लाज वाटायला लागली. आपण खोटं बोलतोय की काय, असं वाटायचं.

बिघाड सतत राहिला असता तर बरं झालं असतं. तो यायचा-जायचा, त्यामुळं माझा जीव कायम टांगणीला. कॉलेजला एकटी जाताना मी ब्रेक मारायच्या कितीतरी आधी वेग कमी करायची. खिडकीतून हात बाहेर काढून मागच्याला थांबायची खूण करायची, पावसातसुद्धा. दुकानांच्या काचांत लाल उजेड पडतो का, ते बघायची. काचेत तो दिसायचा, पण मला समाधान नसायचं. आत्ता दिसला, पुढच्या वळणावर दिसेल कशावरून? तास चालू असताना फळ्याकडं वळले, की पाठीमागून काहीतरी जोरात येतंय असं वाटून मानेवर काटा यायचा.

आई गाडीत बसली, की पुढं कधीच बसत नसे. "पुढं बसलं तर मागचं कोण बघणार?" असं ती विचारायची. मागच्या सीटवर डावीकडं बसून ती सगळा प्रवास उलटी वळून करायची.

एका उन्हाळ्यात नेसरीहून फोन आला. आईची थोरली बहीण, माझी मावशी, अंथरुणाला खिळली होती. मावसभाऊ एवढंच म्हणाला, "आक्का कुणाला वळखंना. बघून जावा." आईनं पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि दाराशी येऊन उभी राहिली. तशा घाईतही ती गाडीच्या मागं गेलीच. "दाब बघू ब्रेक." दिवे लागले. आम्ही निघालो.

तेव्हा बंगळूर रस्ता चौपदरी करायचं काम चालू होतं. जागोजागी खोदलेलं, मुरमाचे ढीग, मध्येच वळवलेली वाट. कागलच्या पुढं एका जीपवाल्यानं हॉर्न देऊन मागं बोट दाखवलं. आम्ही थांबलो. आई उतरली, दिवे लागले, आई बसली. निपाणीच्या पुढं घाट सुरू झाला आणि एक मालट्रक आमच्या मागं लागला. मी ब्रेक मारला की तो लांबलचक हॉर्न द्यायचा. त्याला पुढं जाऊ द्यावं तर रस्ता एकच होता, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खोदकाम.

"लई जवळ आलाय," आई म्हणाली. "अगं, लई जवळ आलाय."

वळणावरून पुढं आले आणि समोर शेळ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. मी ब्रेकवर उभीच राहिले. गाडी थांबली. मागून टायर घासल्याचा आवाज आला आणि त्याच्यावर आईची किंकाळी. ती मागच्या काचेला तोंड करून बसलेली. तो ट्रक तिच्या चेहऱ्यावर येताना तिनं बघितला. माझ्या आरशात आधी धूळ होती, मग नुसतं लोखंड. पण धक्का बसला नाही. ट्रक अगदी हातभर अंतरावर थांबला होता.

ड्रायव्हर खाली उतरला. मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला, आडव्या बांध्याचा माणूस. भीतीनं त्याचाही चेहरा उतरला होता.

"माणसं मारायची हाईत काय?" तो ओरडला. "घाटात लाईट नसलेली गाडी घालताय?"

"लागली नाही का?" मी विचारलं.

"लागली असती तर मी कशाला बोंबललो असतो? दाबा बघू."

"दाबलेलाच आहे." माझा पाय अजून ब्रेकवरच होता. तो काढायचं मला सुचलंच नव्हतं.

तो दोन्ही गाड्यांच्या मधे वाकला. "न्हाय. दोनीबी न्हाईत."

एरवी आई एव्हाना उतरली असती. जरा वेळानं तिनं दार उघडलं आणि गाडीच्या अंगाला धरून धरून ती मागं गेली.

"लागलीया की!" तिचा आवाज आला. "डोळं फुटल्यात काय तुमचं?"

"आज्जी, शपथ, आत्ता नव्हती!"

दोघं मागं भांडायला लागले आणि मी माझ्या पायाकडं बघत राहिले. पाय हलला नव्हता. तो माणूस बघत असताना दिवा नव्हता आणि आई बघत असताना होता. मधल्या वेळात एकच गोष्ट झाली होती. आई उतरली होती.

"आई," मी म्हणाले, "परत आत बस."

ती बसली. "गेली!" ड्रायव्हर ओरडला. ती उठली. "आली!" परत बसली, परत गेली. ड्रायव्हरला हसूच आवरेना. सुटकेचंच हसू असावं ते. "आज्जी, बटन तुमीच हाय की हो!"

आई हसली नाही. ती उतरली, मुरमाच्या ढिगाजवळच्या दगडावर जाऊन बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, ट्रकच्या भीतीनं रडते आहे. जवळ गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "ती म्हातारी म्हणाली हुती. पांढऱ्या पायाची हाय म्हणून."

वडील गेले तेव्हा गल्लीतली एक म्हातारी दारात उभी राहून हे बोलली होती. मीही ते ऐकलं होतं. पण आमच्या घरात शकुन-अपशकुनाला थारा नव्हता. वडील असल्या गोष्टींची टिंगल करायचे आणि आईही त्यांच्या बरोबरीनं हसायची. त्यामुळं ते शब्द तिच्या कानावरून गेले असतील, असं मी धरून चालले होते. इतकी वर्षं तिनं ते एकदाही उच्चारले नव्हते.

"मी बसले की दिवा जातोय," ती म्हणाली. "अजून काय बघायचं ऱ्हायलंय?"

मी सरळ जाऊन मागची सीट उचकटली. ड्रायव्हरनं हात लावला आणि सीट वर आली. खाली शेंगांची टरफलं होती, एक कंगवा होता आणि डाव्या कडेला एका वायरचा जोड होता. आधीच्या मालकानं मागं मोठे स्पीकर बसवले होते, तेव्हाच कधीतरी ती वायर तोडून परत जोडलेली असावी. वरची काळी पट्टी वाळून सुटली होती. सीट तिथं खाली दबली, की वायर ताणली जाऊन जोड सुटत होता. भार उठला, की तारा परत एकमेकींना टेकत होत्या.

"इकडं ये, आई. हे बघ."

ती येईना. मी तिला धरूनच आणलं. ड्रायव्हरला पुढं बसवून ब्रेक दाबायला सांगितला. सीट परत जागेवर ठेवली आणि मी स्वतः मागं, त्या तापलेल्या ट्रकला पाठ लावून उभी राहिले. "आता हातानं दाब."

तिनं तळहात टेकवून दाबलं. "गेली," मी म्हणाले. तिनं हात काढला. "आली."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "तू ये हिकडं. तू दाब. मी बघती."

आम्ही जागा बदलल्या. मी अंगातला सगळा जोर लावून सीट दाबली. आई मागं वाकून बघत होती. शेळ्या कधीच निघून गेल्या होत्या, ट्रकच्या मागं गाड्या खोळंबून हॉर्न वाजवत होत्या.

"सोड," आई म्हणाली. "परत दाब."

मी दाबली.

"तुझ्यानंबी जाती की गं," ती म्हणाली.

ड्रायव्हरनं केबिनमधून पट्टी आणली, वायर जरा सैल घेऊन पीळ मारला आणि वर पट्टी गुंडाळली. "गडहिंग्लजात जोडाला सोल्डरचा डाग लावून घ्या," असं बजावून तो ट्रकवर चढला. आम्हाला पुढं जाऊ देऊन घाटभर तो चांगलं अंतर ठेवून मागं राहिला.

आई पुढच्या सीटवर बसली. मी सांगितलं नव्हतं. दिवा लागतो आहे हे माहीत असूनही ब्रेक मारताना मानेवर काटा येतच होता. तो पुढंही कितीतरी महिने येत राहिला.

नेसरीला पोचलो तेव्हा मावशीचा ताप उतरायला लागला होता. तिनं आईला ओळखलं. आईनं तिच्या उशाशी बसून सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाली, "वजनानं वायर सुटत हुती. कुणाच्याबी वजनानं." हे तिनं मावसभावाला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या बाईलाही सांगितलं. मावशी त्या दुखण्यातून उठली.

त्यानंतर आई कायम पुढं बसायला लागली. तिची काळजी संपली असं मात्र नाही. आता तिला समोरची म्हैस, समोरचा खड्डा, वळणाआडची बैलगाडी दिसायला लागली. "हळू, हळू," म्हणत ती तिच्या बाजूच्या पायपुसण्यावर उजवा पाय इतक्या जोरात दाबायची, की वर्षभरात तिथं चपलेच्या टाचेचं भोक पडलं.