चहा घेतल्याशिवाय पासवर्ड नाही

कम्प्युटरचा शोध माणसांनी एकमेकांच्या घरी चहाला जावं म्हणून लागला, असं मनापासून मानणारा आख्ख्या कोल्हापुरात एकच माणूस आहे, आणि ते म्हणजे माझे आतोबा. आत्याचे यजमान. मी मुरगूडहून इंजिनिअरिंगला आलो तो त्यांच्याच घरी राहिलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. त्यामुळे सर्व्हर हा शब्द मी पुस्तकात वाचला, पण सर्व्हर ही वस्तू पहिल्यांदा पाहिली ती आत्याच्या स्वयंपाकघरात.

आतोबांचा फोटो स्टुडिओ होता. आसपासच्या गावांतले फोटोग्राफर लग्नाचे अल्बम करायला त्यांच्याकडे फोटो द्यायचे, ते पेन ड्राइव्हमधून. त्यांतला एक जोतिबाच्या डोंगरावरून यायचा आणि त्याचा पेन ड्राइव्ह गुलालानं माखलेला असायचा. एका चैत्र यात्रेनंतर तो गुलाल कम्प्युटरच्या खाचेत गेला आणि खाच कायमची बंद पडली. "गुलाल द्येवाला वाहायचा, मशीनला कशाला?" म्हणून आतोबांनी पेन ड्राइव्हवर बंदी घातली. व्हॉट्सॲपवरून फोटो घेणं तर त्यांना त्याहून नामंजूर, कारण त्यात फोटोचा कस जातो. "ऊस चरकातनं काढायचा आन् चोथा पावण्याला वाढायचा, तसला परकार त्यो!" मग रोज दुपारी मोबाइलवर व्हिडिओ बघत त्यांनी स्टुडिओतल्या जुन्या कम्प्युटरचा सर्व्हर केला. हातकणंगल्याच्या माणसानं हातकणंगल्यात बसून फोटो त्यात ठेवायचे, तयार अल्बम तिथूनच न्यायचा, आणि मधेच तिकडची लाइट गेली तर राहिलं असेल तिथून पुढं चालू.

सर्व्हर ठेवला दुधाच्या जाळीच्या कपाटात. वारा खेळतो आणि मांजर शिरत नाही, हे कारण. दूध ओट्यावर आलं आणि मांजराची चंगळ झाली. "माझ्या दुधापरीस ह्येंच्या डब्याला जास्त मान," असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. लाइट गेली की इन्व्हर्टरवर फक्त सर्व्हर चालायचा, आम्ही वर्तमानपत्रानं वारा घ्यायचो. प्रत्येकाला सर्व्हरमध्ये एक खण, म्हणजे स्वतःचा फोल्डर, असे, आणि दुसऱ्याच्या खणात डोकवायची सोय नसे. फाइली जाताना कुणाला वाचता येऊ नयेत अशी व्यवस्था केली होती. दुधाची किटली झाकूनच न्यायची असते, असं आतोबा म्हणत. पण सगळ्यात पक्का नियम पासवर्डचा. तो तोंडी मिळायचा आणि समोर बसून चहा घेतल्यावरच मिळायचा. "नाव न्हाय, गाव न्हाय, आन् डायरेक सैपाकघरात? तसं हुत न्हाय."

या नियमात एकदा मी सापडलो. डिग्री हातात येऊन बरेच महिने झाले होते, नोकरी नव्हती. वडील फोनवर आता त्याबद्दल विचारतही नव्हते, आणि मला तेच जास्त लागायचं. अशात पुण्याच्या एका कंपनीनं परीक्षा म्हणून पंपाचं चालतं चित्र, म्हणजे ॲनिमेशन, करायला दिलं. संध्याकाळी पाचच्या आत पोचवायचं होतं. फाइल एवढी मोठी झाली की मेलमधून जाईना, आणि त्यांच्या ऑफिसात बाहेरच्या ऑनलाइन ड्राइव्हच्या लिंका उघडत नव्हत्या. "सर्व्हर असेल तर कळवा," तिथल्या मॅडम म्हणाल्या. सर्व्हर होता! माझा पासवर्ड त्यांना दिला असता तर काम झालं असतं. पण एकाची किल्ली दुसऱ्याला द्यायची नाही हा त्या घरचा कायदा, आणि मी त्या घरचं अन्न खाल्लं होतं. मी आतोबांकडे मॅडमसाठी खण मागितला.

"या म्हणावं चहाला," आतोबा म्हणाले.

"आतोबा, त्या पुण्यात आहेत! चार वाजून गेलेत!"

"मग तोंड दाखवता येतंय की फोनवर. लाव."

मी व्हिडिओ कॉल लावला. आतोबा टोपी घालून समोर बसले. "नमस्कार मॅडम. पासवर्ड देतो, आदी चहा घेऊ."

"अहो, मला फक्त फाइल हवी आहे."

"फाइल कुठं पळून जात न्हाय. घ्या की."

"मी चहा घेत नाही."

"मग दूध घे म्हणावं तिला!" आत्या आतून ओरडली. "मांजरानं ठेवलं आसंल तर!"

माझी नोकरी गेली, असं मी धरून चाललो. मग मॅडम उठून गेल्या आणि कॉफीचा कप घेऊन परत आल्या. "कॉफी चालेल?"

"पावणं म्हटल्यावर काय बी चालतंय!"

आतोबा बशीतून, मॅडम कपातून, असे दोघंही प्यायले. गाव कोणतं, आई-वडील कुठं असतात, सगळं विचारून झाल्यावर आतोबांनी पासवर्ड सांगितला. पाचाच्या आत फाइल पुण्याला पोचली होती.

त्या नोकरीत मी अजून आहे. माझ्या चित्राइतकाच त्या कॉफीचाही त्यात वाटा असावा, कारण मॅडम आजही आधी आतोबांची खुशाली विचारतात.

आता फोटोग्राफर लिंका पाठवतात. चहाला कुणी येत नाही. आत्या म्हणते, डबा काढा आणि माझं कपाट द्या. आतोबा काढत नाहीत. मी मधूनमधून पुण्याहून सर्व्हरवर जातो, माझा रिकामा खण उघडतो आणि बंद करतो. कोण आलं-गेलं ते त्यांना तिथं दिसतं. सकाळी हमखास फोन येतो.

"काल आलतास व्हय रं? काय ठेवलं न्हाईस, काय न्हेलं न्हाईस."

"काही नाही आतोबा, सहज आलतो."

"मग आसं दारातनं माघारी जाऊ नये," ते म्हणतात. "थांब, आत्या चहा टाकतीया."

आणि मी ऑफिसला निघालेला, दारात बूट तसेच सोडून, फोन कानाला धरून माझ्या गॅसवर आधण ठेवतो.