चादरीखालचा सौदा

आमच्या चर्चचे पाळकसाहेब आणि माझी सख्खी बहीण, या दोघांनी मिळून मला फसवलं. तेही नाताळच्या कार्यक्रमात, सगळ्या मंडळीसमोर.

सावेडीत माझा जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा आहे. वडील बैलबाजारात दलाल होते. मागे त्यांनी काही ठेवलं नाही, भाव करायला तेवढं शिकवलं. समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव मी आजवर कुणाला दिलेला नाही. वडील गेले तेव्हा कबरीच्या दगडाचाही दिला नाही. कारागीर अडवून जास्त मागत होता, हे मी आजही सांगतो. पण बहीण तिथं दफनभूमीतच, चार माणसांत म्हणाली, "बापाच्या दगडाचा बी भाव करतो? लई चिकट हाय तू, दादा!"

तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नव्हतो. ती देवळाली प्रवराला असते, आमची चर्चची मंडळीही तिकडचीच. पण तिच्या दारावरून गाडी न्यावी लागली तर मी काच वर करायचो.

यंदा पाळकसाहेब घरी आले. "नाटक बसवतोय. एक कंजूष सावकार असतो. नाताळच्या आदल्या रात्री त्याला तीन भुतं भेटतात आणि तो सुधारतो. सावकार तुम्ही."

"मीच का?"

"आवाज आहे तुमचा. आणि पाठांतर कमी लागेल."

मी तापलो, पण चहा पाजला. एकच अट घातली, बहीण समोर नको. ते म्हणाले, "त्या गाणाऱ्या बायकांत आहेत. तुमच्यासमोर येणार नाहीत."

तालमीत एका वडीलधाऱ्यानं हरकत घेतली, की प्रभूच्या देवळात भूत नको. म्हणून भुतांचे दूत झाले. पहिले दोन दूत फार बोलायचे. गिऱ्हाईक बोलायला लागलं की ते आपल्या हातात आलंच. तिसरा मात्र तोंडच उघडत नाही, नुसतं कबरीकडे बोट दाखवतो. असला माणूस समोर बसला की मीही घसरतो. सावकार त्याच्यापुढंच का वाकतो, हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

तालमीत तिसरा दूत एक शिक्षक व्हायचे. कार्यक्रमाच्या दिवशी तो डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चादरीत आला, पुठ्ठ्याच्या कबरीपाशी उभा राहिला, आणि बोट दाखवायचं सोडून त्यानं चादरीखालूनच हात माझ्याकडे केला.

बैलबाजारात भाव तोंडानं होत नाही. रुमालाखाली हातात हात घालायचा. जेवढी बोटं धरली तेवढा आकडा. सवयीनं माझा हात चादरीखाली गेला. आतल्या हातानं माझी तीन बोटं धरली. त्या हाताची करंगळी अर्धीच होती, लहानपणी कडबाकुट्टीत गेलेली.

आई नाताळच्या करंज्यांचा डबा माझ्या ताब्यात द्यायची. वडिलांचं बघून बहीण टॉवेलखाली माझी तीन बोटं धरायची. मी तिला दोनावर आणायचो. दर नाताळला. तिला तिसरी करंजी कधी मिळालीच नाही.

"हे अजून बदलता येईल का?" असं माझं वाक्य होतं. ते राहिलं. मी तिची पाचही बोटं धरली.

चादरीतून हळूच आवाज आला, "एवढ्या नको दादा. तीनच दे."

"पाच म्हणजे पाच," मी म्हणालो. तिचा हात मी सोडला नाही. मंडळीला वाटलं मी काम करतोय. टाळ्या थांबेनात, शेवटी पडदा ओढावा लागला.

नाताळच्या दिवशी ती डबा घेऊन सावेडीला आली. मी तिच्या ताटलीत पाच करंज्या वाढल्या. तिनं तीन खाल्ल्या आणि दोन माझ्या ताटलीत टाकल्या. दगडाचा भाव जास्त होता हे ती अजून कबूल करत नाही, त्यावरून त्या दिवशीही भांडलो.

पण पाळकसाहेब, तिला तुम्ही गाणाऱ्यांत उभं करणार होता. आणि नाटकात तिसऱ्या दूतानं हात पुढं करायचा नव्हता. मग ही अक्कल कुणाची? ती म्हणते तुमची, तुम्ही म्हणता तिची. रविवारी उपासनेनंतर मी तुमच्या दारात येतोय. इकडचं तिकडचं नको, शेवटचं काय ते सांगा.