मावशीची रविवारची सुट्टी

मावशीचं जेवण चार मिनिटांत उरकायचं. ताट समोर आलं की मान खाली, आणि मान वर आली की ताट धुतल्यासारखं. लग्नानंतर नवरा पहिल्यांदा तिच्या शेजारी जेवायला बसला, तेव्हा त्याने घाबरून विचारलं होतं, "कुठली बस सुटतेय का?"

बस कसली. सहाव्या वर्षी आई तिला मामाच्या घरी टाकून गेली ती गेलीच. मामाची स्वतःची पाच पोरं, आणि पाचही हाताची चलाख. त्या घरात जो रमतगमत जेवला तो अर्धपोटी झोपला. मामी पोरांना काही बोलायची नाही, उलट हिलाच म्हणायची, "स्वतःचं ताट राखता येत नाही तर बसतेस कशाला?" बोलणं जहरी होतं, पण सल्ला चोख. मावशीने तो चाळीस वर्षं पाळला.

आता अशा बाईला इस्पितळाने आया म्हणून कुठे धाडावं? तर जेवण सोडलेल्या पोरींच्या वॉर्डात.

तिथली रीत अशी, की पोरगी जेवायला बसली की आयानेही तसंच ताट घेऊन समोर बसायचं आणि अर्धा तास तिच्या बरोबरीने खायचं. वर अंगाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. वाळलीस नाही, सुधारलीस नाही, काहीच नाही. मावशीचं निम्मं बोलणं तिथेच बंद पडलं.

तिच्या वाट्याला आली ती वकीलबाई. वय पंधरा. नाव मावशीनेच ठेवलं, कारण पोरगी प्रत्येक घासावर खटला भरायची. बटाटा किती शिजलाय, दही कालचं तर नाही, ब्रेडला लोणी लावलं ते कुणाच्या हुकमाने. बुधवारी डॉक्टरीणबाईंनी तिला शांतपणे सांगितलं, "सोमवारी वजनाचा काटा जरासुद्धा वर सरकला नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल." वकीलबाईने खांदे उडवले. पण दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, ते मावशीने पाहिलं.

त्याच दुपारी मावशीने घोळ केला. जुन्या सवयीने चार मिनिटांत ताट चाटलं आणि उठून पेले गोळा करायला लागली. वकीलबाईने तिसऱ्याच घासाला चमचा खाली ठेवला, तो ठेवलाच.

मोठ्या सिस्टर कडाडल्या, "मावशी, तुम्ही जेवायला बसता की आग विझवायला?"

गुरुवारी मावशी शहाण्यासारखी बसली. एक घास वीस वेळा चावला. आयुष्यात इतके हाल कधी झाले नव्हते. पण पोरीचं ताट हळूहळू उतरत गेलं. शेवटी राहिला एक घास, आणि तिथे गाडी अडली.

"याने काय पाप केलं?" मावशीने विचारलं.

"पोट भरलं."

"एका घासापुरतं कुणाचं पोट भरत नसतं. खरं सांग."

पोरीने चमच्याने घास ताटाच्या कडेला सारला. मग म्हणाली, "संपवलं की तुम्ही उठणार."

"उठणारच. मला काय इथे कुंडीत लावलंय?"

"आईपण उठली होती. मी सात वर्षांची होते. म्हणाली, तू जेव, तुझं होईस्तोवर आलेच. मी सगळं संपवलं. ताटसुद्धा चाटलं."

"मग?"

"चार वर्षांनी आली. बाहुली घेऊन. सात वर्षांच्या मुलीला आणतात तशी."

अशा वेळी काय बोलायचं ते शिकवायला वॉर्डात दोन दिवसांचा वर्ग भरला होता. मावशी त्यात पहिल्या बाकावर झोपली होती. ती म्हणाली, "तुझी निदान बाहुली घेऊन आली. माझी अजून वाटेतच आहे."

वकीलबाई नाकातून फसकन हसली आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

"आता नीट ऐक," मावशी म्हणाली. "तीनला माझी पाळी संपते. तीनला मी जाणार, तू घास खा नाहीतर भिंतीला चिकटव. उद्या सकाळी सातला येणार. शनिवारीही येणार. रविवारी सुट्टी. रविवारी तू ताट डोक्यावर घेऊन नाचलीस तरी मी यायची नाही."

पोरीच्या भुवया आक्रसल्या. जाणारं माणूस आधी सांगून जातं, हा प्रकार तिला नवा होता. घास तिने तसाच ठेवला.

शुक्रवारी सकाळी ती घड्याळाखाली उभी. "सात वाजून चार मिनिटं."

"तुझा साहेब व्हायचा विचार आहे का?" मावशी म्हणाली. त्या दुपारी तो शेवटचा घास पोटात गेला. शनिवारीही गेला.

रविवारी मात्र मावशीलाच चैन पडेना. सोमवार डोक्यावर, पोरीसमोर नवखी आया, आणि नळी म्हणजे काय ते तिने पाहिलेलं. धुणं अर्धं टाकून तिने पिशवी उचलली आणि थांबा गाठला. बस आली, दार उघडलं. तिथे तिला उमगलं, की येणार नाही असं सांगूनही आपण गेलो, तर उद्यापासून आपल्या येणार म्हणण्यालाही कवडीची किंमत उरणार नाही.

"चढताय का बाई?" कंडक्टर म्हणाला.

"नाही. बघायला आले होते," असं म्हणून ती घरी परतली आणि नवऱ्यावर विनाकारण खेकसली.

सोमवारी काटा नखभर वर सरकला. नळी टळली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "काल नव्या आयासोबत तिन्ही वेळा ताट साफ. एक कण ठेवला नाही."

मावशीला आनंद व्हायला हवा होता. तिला आधी झोंबलंच. आपण रविवारभर जीव टांगून बसलो, आणि ही बया दुसरीपुढे मजेत जेवली.

"नवी मावशी बरी वाटली म्हणे," दुपारी पोरीपाशी जाऊन ती फणकाऱ्याने म्हणाली.

"बरी आहे," वकीलबाई म्हणाली. "पण बोलत नाही काही. नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसते." मग ताट पुढे ओढून, मान वर न करता, "पुढच्या रविवारीही सुट्टी घ्या. परत जमतं का बघते."

"घेणारच आहे," मावशी खुर्ची सरकवत म्हणाली. "तुला विचारून घेणार होते की काय?"