भाऊजी, मास्तर आणि पत्र्याचा परवाना

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या मावसभावाइतका संशयी माणूस पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात दुसरा झाला नसेल. मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांचा संशय सगळा सरकारवर. माणसांवर मात्र इतका विश्वास, की भोसरीतल्या त्यांच्या बिजागऱ्यांच्या छोट्या कारखान्याची किल्ली समोरच्या चहावाल्याकडे खिळ्याला लटकत असे आणि ज्याला आधी जाग येईल तो कारखाना उघडी. पण एखाद्या कागदावर गोल शिक्का दिसला, की ते तो कागद विंचू धरावा तसा दोन बोटांत धरून लांब ठेवत. कारखान्याच्या नोंदणीच्या फॉर्मवर सही करायची वेळ आली, तेव्हा "माझ्याच हातांना काम करायची परवानगी मी कुणाकडे मागू?" असं विचारून ते हात मागे बांधून उभे राहिले. शेवटी माझ्या जाऊबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पदराला हात पुसून सही केली. तेव्हापासून कागदोपत्री मालकीण त्या, आणि भाऊजी त्यांच्याकडे नोकरीला. हे ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत.

त्या काळी रेडिओ बाळगायलासुद्धा लायसन्स लागे. "ऐकायला परवानगी लागते तर आधी आमचे कान जप्त करा म्हणावं," असं म्हणून भाऊजींनी रेडिओ घेतलाच नाही. रोज संध्याकाळी बातम्यांच्या वेळी मात्र ते आमच्या व्हरांड्यात हजर असत, आणि प्रत्येक बातमीच्या शेपटीला "असं ते म्हणतात" एवढं जोडत. धान्याचं उत्पादन वाढलं, असं ते म्हणतात. कोकणात जोराचा पाऊस, असं ते म्हणतात. एकदा बातम्या देणाऱ्या बाईंनी "बातम्या संपल्या" म्हटलं, तर हे म्हणाले, "असं त्या म्हणतात." आणि पुढचं गाणं सुरू होईपर्यंत खरोखरच उठले नाहीत. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे, तोही त्यांनी कधी लावला नाही. तपासनीस दिसला की ते उतरून सायकल हातात धरून चालू लागत. "बिल्ला चालवणाऱ्याला लागतो. मी हिला सोबत नेतोय." असं करत ते चिंचवडहून भोसरीला किती वेळा निम्मी वाट पायी गेले असतील, देव जाणे.

मत ते देत नसत. मी इंग्रजी शाळेत नागरिकशास्त्र शिकलेली. मतदान हे कर्तव्य आहे, असं मी त्यांना दर निवडणुकीला ऐकवी. ते शांतपणे म्हणत, "वहिनी, माझ्या पाठीवर कोणी बसावं एवढंच ते विचारतात. कुणीच बसू नका, हे लिहायला चिठ्ठीवर जागा ठेवलेली नसते."

आणीबाणी आली तेव्हा मात्र ह्याच माणसाने एका पक्षकार्यकर्त्याला पाच महिने लपवून ठेवलं. ते त्यांचे शाळासोबती, पेशाने शिक्षक. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणत असू. पोलीस त्यांच्या मागावर होते. भाऊजींनी त्यांना खाकी कपडे चढवले, हातात कानस दिली आणि बिजागऱ्या घासायला बसवलं. मास्तरांचा हात खडूचा. त्यांनी घासलेली बिजागरी कधी पुरती मिटत नसे. मोशीचा सखाराम हा तिथला मुख्य कारागीर. तो रोज डोक्याला हात लावी. "मास्तर, तुमी क्रांती करा. बिजागरी तुमच्यानं व्हायची न्हाई." दोघं मित्र दिवसभर भांडत. मास्तर म्हणत, आमचे लोक आले की बघ कसं चांगलं राज्य करतात ते. भाऊजी म्हणत, तुमचे लोक चांगले आहेत याचीच मला धास्ती आहे. पण सापडले असते तर दोघंही तुरुंगात गेले असते, हे भाऊजींना पक्कं ठाऊक होतं. त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

मग निवडणूक झाली आणि वर्षानुवर्षं बसलेलं सरकार पडलं. आमच्या वसाहतीत गुलाल उडाला. रात्रपाळी करून आलेले लोक न झोपता नाचले. मीसुद्धा, तुमची ही शिस्तीची आजी, रस्त्यावर उभी राहून पेढे वाटत होते. भाऊजी दारात उभे होते, कुणी बनावट माल खपवायला आल्यासारखे डोळे बारीक करून.

"घ्या भाऊजी, सत्ता गेली त्यांची!"

"त्यांची गेली, पण सत्ता कुठे गेली? तिने बिऱ्हाड बदललं फक्त. ती खरंच गेली असती तर मी दोन पेढे घेतले असते."

मला राग आला. ज्यांनी एवढा धोका पत्करला, त्यांनी एक दिवस तरी आनंद करू नये का?

मास्तरांना नव्या राजवटीत एका समितीवर नेमलं. लहान कारखान्यांना सरकारी भावाचा पत्रा कुणाला किती द्यावा, ते ही समिती सुचवी. आणि नेमका त्याच वर्षी बाजारात पत्रा मिळेनासा झाला. भाऊजींच्या आठ कामगारांपैकी पाच जण दिवसदिवस ओट्यावर बसून राहू लागले. एका दुपारी सखाराम माझ्याकडे आला. दाराशीच उभा राहिला.

"वैनी, मालक कुनाकडं मागायचं न्हाईत. पर आमची पोरं काय तत्त्व खात्यात व्हय? मास्तर आता तिथं बसल्यात. तुमी एक कागूद लिहा."

वसाहतीतले सगळे इंग्रजी अर्ज मीच लिहीत असे, आणि त्यात माझा हातखंडा होता. भाऊजींना न सांगता मी दीड पानी, सुवाच्य अर्ज लिहिला. सहीला मालकीण होत्याच. जाऊबाईंनी सही करताना एकदाच विचारलं, "ह्यांना कळलं तर?" मी म्हटलं, "कळेपर्यंत पत्रा आलेला असेल."

आठ दिवसांत मास्तर स्वतः जीपमधून परवाना घेऊन आले. भोसरीच्या त्या गल्लीत जीप मावेना. कामगार उठून उभे राहिले, सखारामाने स्टूल पुसलं. मी आणि जाऊबाई मुद्दाम डबा घेऊन गेलो होतो, भाऊजींचा चेहरा बघायला. भाऊजींनी कागद दोन बोटांत धरला, माझ्याकडे एकदा बघितलं (परवान्याला टाचलेल्या अर्जावरचं अक्षर कुणाचं हे त्यांना सांगावं लागलं नाही) आणि मास्तरांना विचारलं, "आमच्या आधी अर्ज केलेले किती होते रे?"

मास्तर हसले. "असतील चाळीसेक."

"आणि त्यांना अजून मिळाला नाही."

"मिळेल की क्रमाने."

"म्हणजे त्यांची चूक एवढीच, की तू त्यांच्याकडे लपला नाहीस."

मास्तरांचा चेहरा उतरला. "मी तुझे उपकार फेडायला आलो, आणि तू…"

"उपकार माझे, आणि फेडतोस त्या चाळिसांच्या पत्र्याने? राव, पाच महिने तू इथे होतास तेव्हा माझा मित्र होतास. आज तू सरकार म्हणून आलायस. सरकारकडून मी काही घेत नाही, तुला ठाऊक आहे."

त्यांनी कागद परत दिला. मास्तर जीपमध्ये बसले. जीप उलटी घेताना चहावाल्याचं बाकडं मोडलं, तरी कुणी हसलं नाही. सखारामाने हातातलं फडकं जमिनीवर आपटलं. "आता काय सायकलीसारकं आमालाबी नुसतं सोबत नेनार व्हय मालक?" भाऊजींनी वाकून ते फडकं उचललं.

ते माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. जुनी तेलाची पिंपं फोडून, ठोकून सरळ करून ते बिजागऱ्या करू लागले. त्या ठणठणाटाने अख्खी गल्ली हैराण. आठाचे तीन कामगार उरले. सखारामही एका मोठ्या कंपनीत लागला, गणवेश, शिफ्ट, ओव्हरटाइम. त्याला चिकटवायला भाऊजी स्वतः त्याच्याबरोबर त्या कंपनीच्या फाटकावर गेले होते, हे मला फार उशिरा कळलं. मास्तर फिरकले नाहीत.

तीन वर्षांत तेही सरकार गेलं आणि जुने लोक परतले. पुन्हा गुलाल, पुन्हा पेढे. मास्तरांची समिती गेली, जीप गेली. त्यानंतर एका दुपारी मी कारखान्यात भाऊजींशी बोलत बसले होते, तर समोर एसटीतून उतरलेले मास्तर दिसले. केस पांढरे झालेले. चहावाल्याच्या छपराखाली ते बराच वेळ उभे राहिले, येऊ की नको अशा विचारात. भाऊजी उठून दारात गेले.

"आता तुझ्या हातात काही राहिलं नाही ना?"

"काही नाही."

"मग ये की आत."

चहा आला. दोघं पिंपांच्या पत्र्यांमध्ये बसले, एकमेकांच्या गुडघेदुखीची चौकशी झाली. मग भाऊजींनी, बशीकडे बघत, अगदी हळू विचारलं, "तो परवाना मी परत दिला. त्या चाळिसांतल्या कुणाला मिळाला का रे?"

मास्तरांनी हातातली बशी खाली ठेवली. "दुसऱ्या एकाची चिठ्ठी आली होती वरून," ते म्हणाले, "त्याला दिला."

"हे तर मी आधीच सांगितलं होतं," हे वाक्य आता येईल म्हणून मी वाट बघत होते. आयुष्यभर ज्याची शंका घेतली ते खरं ठरलेलं, समोर बसून कबूल केलेलं. पण भाऊजींनी मास्तरांच्या बशीत थोडा चहा ओतला आणि तोंड दुसरीकडे वळवलं. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, पण मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं की आपण एकदा तरी खोटं ठरावं, असं त्या माणसाला फार वाटत होतं.