गोदाअक्काची वाटी

सोनल, इकडे ये. कागदावर का होईना, जवळ येऊन बस आणि हातातला तो मोबाईल आधी खाली ठेव. परवा लग्नात मी तुला लांबून बघत होते. पंगतीत कुणीतरी बाई मोठ्यानं म्हणाली, "हिची आजी मोठी शौकीन होती हो, पोराला घेऊन बाटली उघडून बसायची," आणि सगळ्या हसल्या. तूही हसलीस. माझा घास हातातच राहिला. तू आजीला पाहिलेलंच नाहीस, तुला तरी काय बोलू? पण आजीच्या नावावर हसण्याआधी तिच्या शेजारणीला एकदा विचारायचं तरी, बाळा. मी काय मेले होते?

तर ऐक. हो, तुझी आजी दारू प्यायली. एकदा नाही, एक अख्खा उन्हाळा प्यायली. आणि प्यायच्या आधी प्रत्येक वेळी शेंगदाण्याच्या तेलाची चूळ तोंडात घोळवायची. डोळे मिटून, गाल फुगवून, औषध घ्यावं तशी. नंतर ते तेल मोरीत थुंकायची, पदरानं तोंड पुसायची आणि वाटी पुढे करायची. शौकीन माणूस असं पितो का गं? विचार त्या बायकांना.

जळगावात तिचं, आमच्या गोदाअक्काचं, घर आमच्या घराला लागून. मधली भिंत इतकी पातळ, की तिनं फोडणी दिली तर ठसका मला लागायचा. मूळची ती एरंडोलकडची. उंच, हाडाची, आवाज असा की गल्लीच्या टोकाला कुत्रं उठून बसे. माणूस शाळा शिकलेला असो की साहेब असो, ती आपल्या अहिराणीतच बोलायची. तुझा आजोबा धनाआबा आणि ती केकताडाचे दोर वळायचे. केकताड तू रेल्वेतून जाताना पाहिलं असशील. रुळांच्या कडेनं, शेताच्या बांधावर असतं, तलवारीसारख्या जाड पानांचं, टोकाला काटा. ती पानं पाण्यात कुजवायची, बडवायची, मग आतून पांढरा वाख, म्हणजे दोराचा धागा, निघतो. त्या रसानं अंगाला अशी खाज सुटते की माणूस वेडा होईल. म्हणून कामाला बसण्याआधी ही दोघं कोपरापर्यंत तेल चोपडायची. त्या तेलासाठी एक जर्मनची चेपलेली वाटी होती. ती वाटी लक्षात ठेव.

धनाआबा दारूनं गेला. तो मारकुटा नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. हसत यायचा, हसत झोपायचा. बाजारात दोर विकायला गेला की घरी यायची वाट विसरायचा, एवढंच. अक्का मग त्याला शोधत फिरायची आणि तुझा बाप तिच्या कडेवर. शेवटी रक्ताच्या उलट्या झाल्या आणि संपला. आम्ही बायका त्याला शिव्या घालायला लागलो की अक्का आमच्यावर धावून यायची. "त्याना काय दोष? दारूनी धरं त्याले," म्हणायची. भूत धरतं तसं तिला वाटायचं. रोज सकाळी चहाचा पहिला कप त्याच्या फोटोपुढे ठेवायची, मग आपला घ्यायची.

तुझा बाप सुभाष शिकला, बोटीवर फिटर म्हणून लागला. नव्वदच्या पुढची गोष्ट. आमच्या गल्लीतून बोटीवर गेलेला तो एकटाच, त्यामुळे रजेवर आला की मित्रांची रीघ लागायची. त्या उन्हाळ्यात तो आला आणि त्याचे डोळे बघून मला धस्स झालं. तेच ते पाणीदार, हसरे, कुठेच न बघणारे धनाआबाचे डोळे. अक्काला सांगायची गरज नव्हती, तिनं ते डोळे आयुष्यभर पाहिलेले.

बॅगेत तीन बाटल्या होत्या. मेक्सिकोच्या बंदरात खलाशी लोक घेतात तसल्या, स्वस्तातल्या. "आई, याला टकीला म्हणतात," तो सांगत होता. अक्का म्हणाली, "टकली?" आणि आम्ही तिघंही हसलो. मग तिनं बाटली उजेडात धरली. वरच्या कागदावर झाडाचं चित्र होतं. तिचं हसू थांबलं.

"हाई ते केकताड शे!"

"तसलंच. त्याच्या बुडख्याची करतात."

"आम्ही पाण्यामा कुजाडतस, अन् तठला लोके पेतस?" तिनं चित्रावर बोट फिरवलं. मग भाकरीचं पीठ मागावं तितक्या सहज म्हणाली, "उघड. तिन्ही उघड. माले दखनं शे, तुना बाप कसाकरता मरना."

सुभाष घाबरला. मी म्हटलं, अक्का, काहीतरीच काय? ती माझ्यावर खेकसली, "तू गप बठ, विमल." आणि उठून तेलाची ती जर्मनची वाटी घेऊन आली. आधी तेलाची चूळ. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणते, "हातले खाज सुटस, ते घसाले नही सुटी का?" तिच्या लेखी ते केकताड होतं आणि केकताडाला तेलाशिवाय हात लावायचा नसतो. सुभाषनं किती समजावलं, की खाज-बिज काही नसते. पण घसा तिचा, वाटी तिची.

पहिली बाटली पाण्यासारखी पांढरी. तिनं घोट घेतला, डोळ्यांतून पाणी आलं. "ही घासलेटनी बहीण शे." दुसरी पिवळसर, सोनेरी. ती जिभेवर फिरवली, टाळूला लावली, बाजारात गूळ चाखून बघायची तशी. "ही नटेल शे. गूळ जाळीसन रंग लायेल शे, मजार काहीच नही." वरून नटलेली, आतून रिकामी. सुभाष हसायला लागला. तिसऱ्या बाटलीवर धड कागदही नव्हता. बंदरातल्या एका म्हाताऱ्यानं घरची म्हणून दिलेली, तिन्हींत स्वस्त. अक्कानं घोट घेतला. पुन्हा एक घेतला.

"आई, काय झालं?"

"भरीतनी चव शे," ती हळू म्हणाली. "असोद्यानं वांगं कपाशीना पऱ्हाट्यावर भाजं का, तशी." मग वाटी खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला. "चांगली लागस रे, सुभाष. चांगली लागस!"

आणि मग ती जी पेटली! त्या बाईला मी नळावर भांडताना पाहिलं होतं, बाजारात पाहिलं होतं, पण तो राग निराळा होता. उठून फोटोपुढे गेली. "माले वाटे कडू व्हई. जहर व्हई. धरी लेस अन् सोडत नही. हाई ते चांगली लागस! म्हणजे तुले कोणीच धरं नही. तू रोज सांजले आपला पायवर गया. चव लेवाले गया. अन् मी पोऱ्या कडेवर लिसन तुले गटारमा दखू!" फोटोपुढचा सकाळचा कप तिनं उचलला आणि मोरीत रिता केला. त्या दिवसानंतर तिनं त्या फोटोपुढे कधी चहा ठेवला नाही. मीही कधी ठेव म्हटलं नाही. इतकी वर्षं तिनं त्याला माफ केलं होतं ते दारूवर सगळा दोष घालून. तो दोष आता ठेवायला जागा उरली नव्हती.

सुभाष चाचरत म्हणाला, "आई, मी काय आबासारखा पीत नाही. थोडी घेतो. बोटीवर सगळेच घेतात."

"ले ना. मी कोठे नही सांगस? पन घरमा बठीसन ले, मनासमोर. अन् एक ध्यानमा ठेव." ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. "तू जितली पिशी, तितली मी पिसू."

त्याला वाटलं, आई रागात बोलतेय, उद्या विसरेल. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यानं ग्लास भरला. अक्कानं चूळ भरली, थुंकली, वाटी पुढे केली. त्यानं ओतली नाही. तर तिनं स्वतः बाटली उचलून ओतून घेतली, त्याच्या ग्लासाला लावून माप बघितलं आणि घटाघट प्यायली. त्यानं दुसरा भरला, हिनं दुसरी वाटी. तो चिडला, भांडला, मित्राकडे जाऊन प्यायला. परत आला तेव्हा ही उंबऱ्यात वाटी घेऊन बसलेली. "कितली पिनास?" खोटं बोलायची त्याची हिंमत झाली नाही. तिनं तेवढी भरली. संपलेल्या बाटल्यांच्या जागी तो इथली आणायचा, हिची वाटी तीच. ती भरीताच्या चवीची तेवढी मागे राहिली होती.

आता तुझ्या त्या हसणाऱ्या बायकांकडे येते. गल्लीत बोभाटा झाला. आमचं बायकांचं भजन असायचं, अक्का त्यात टाळ धरायची. एक दिवस लीलाबाई, म्हणजे आमच्या भजनातल्या पुढारी, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "विमल, तिला सांग येऊ नको म्हणून. तोंडाला वास येतो. त्या तोंडानं देवाचं नाव?" माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर म्हटलं, "लीलाबाई, तुमचे हे दर बाजारच्या दिवशी नाल्यापाशी पडलेले असतात. तुम्ही खांद्याला धरून आणता आणि सकाळी त्यांच्याच शेजारी पूजेला बसता. तेव्हा नाक कुठे ठेवता?" त्या माझ्याशी पुढे कित्येक वर्षं बोलल्या नाहीत. बरं झालं. पण टाळ गेला तो गेलाच. पुरुष प्यायला तर बिचारा, आणि बाई पोराला वाचवायला प्यायली तर शौकीन. हा हिशेब कोणी मांडला, मला सांग.

मी अक्कावरही कमी चिडले नाही. ती वाळत चालली होती. सकाळी मोरीपाशी बसून कोरडं ओकायची. "अक्का, मरशील," मी ओरडले. ती म्हणाली, "मरसू ते मरसू. तो दखी तरी. त्याना बापले मरताना त्यानी दखं नही, ल्हाना व्हता."

त्याची रजा संपत आली होती. मी एका संध्याकाळी बट्टी-वरण घेऊन गेले. दोघं समोरासमोर बसलेले. बाकीचं सगळं संपलं होतं, म्हणून सुभाषनं ती तिसरी, भरीताच्या चवीची बाटली काढली होती. त्यानं ग्लास भरला. अक्कानं तेल तोंडात घेतलं, पण गाल फुगवायचंही बळ नव्हतं. तेल ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळलं. तिला कळलंही नाही. तिनं दोन्ही हातांनी वाटी पुढे धरली आणि वाटी बाटलीच्या तोंडावर टकटक वाजायला लागली. तुझा बाप त्या हातांकडे बघत राहिला. कोपरापर्यंत केकताडाच्या रसाचे जुने काळे डाग पडलेले हात.

"आई, पुरे."

"मनं पुरं का तुनं पुरं?"

तो ग्लास खाली ठेवून काहीतरी पुटपुटला.

"जोरथीन सांग. विमलले बी ऐकू जाऊ दे."

"माझं. माझं पुरे झालं, आई."

"मंग मनं बी." तिनं उठून चूळ थुंकली, हनुवटी पुसली, बाटलीला बूच लावलं आणि मला म्हणाली, "बट्टी गार व्हई राहिनी, वाढ ना." झालं. रडणं नाही, मिठी नाही. सुभाष खाली मान घालून जेवला.

पुढे तो प्रत्येक रजेला आला की पहिल्या दिवशी अक्का ट्रंकेतून ती बाटली आणि वाटी काढून त्याच्यासमोर ठेवायची. बोलायची काही नाही. तो नको म्हणून मान हलवायचा, ती दोन्ही उचलून परत ठेवायची. तुझ्या आईलाही ही रीत ठाऊक आहे, पण ती सासरची गोष्ट म्हणून बोलत नाही. तुझ्या बारशाच्या आधी अक्का तापानं गेली. जायच्या आधी तिनं ट्रंक माझ्याकडे सरकवायला लावली. "हाई तुनापान ठेव. त्यानी परत तोंड लावं, ते वाटी तू उचल."

"मी? अक्का, मला नुसत्या वासानं मळमळतं."

"मालेबी मळमळे," ती म्हणाली.

आता मुद्द्याचं. परवा लग्नात त्या बायका हसत होत्या तेव्हा तुझा बाप दोन हात अंतरावर उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं. ज्या आईनं त्याच्यासाठी हातचा टाळ गमावला, तिच्यासाठी त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. त्याआधी तो मंडपामागे गेला होता, पुरुषांच्या घोळक्यात. परत आला तो बचकभर बडीशेप चघळत. माझ्या पाया पडायला वाकला. मी म्हातारी झाले, डोळे अधू झालेत, नाक मात्र शाबूत आहे. आणि ते डोळेही मी ओळखले, सोनल. धनाआबाचे.

ती बाटली माझ्याकडे आहे, धान्याच्या कोठीत. वाटीही आहे. वाटी उचलायची पाळी माझी होती, पण माझा जीव आता दवाखान्याच्या गोळ्यांवर. तुला प्यायला सांगत नाही, असलं वेडं मी तुला सांगायची नाही. तू फक्त ती वाटी त्याच्यासमोर ठेव. शेजारी थोडं शेंगदाण्याचं तेल ठेव. काही बोलू नकोस. बघ तो काय करतो ते.

म्हणून ये. सुट्टी, परीक्षा, नोकरी, काही सांगू नकोस मला. बापाला घेऊन ये, नाही आला तर एकटी ये, पण लवकर ये. असोद्याची वांगी आणून ठेवते.